बाबांची खेप कुठे संपली

"पोरीसमोर नवसाचं काय बोलू नका. लाइनवर गेला, एवढंच म्हनायचं," दामूकाका दाराबाहेर कुणाला तरी हळू आवाजात बजावत होते.

मी आत पडद्याला लागून उभी होते आणि आलेल्या माणसांसाठी चहाचे कप पुसत होते. बाबांचं तेरावं होतं. बोईसर स्टेशनसमोरच्या स्टँडवरचे सगळे टॅक्सीवाले येऊन गेले होते, काही अजून ओट्यावर बसले होते. दामूकाकांचं बोलणं ऐकून मी हातातला कप खाली ठेवला नाही, कारण ठेवला असता तर आवाज झाला असता आणि मी ऐकलंय हे त्यांना कळलं असतं. लहानपणापासून मला हीच सवय आहे. ऐकायचं, पाहायचं आणि आत ठेवायचं. नन्सच्या इंग्रजी शाळेत शिकले, तिथे वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नसे. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, आणि मनातलं बोलायला दोन्ही भाषांतली एकही धीर देणारी नव्हती.

ही ऐंशीच्या सुमाराची गोष्ट आहे. मी पालघरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. बाबा मूळचे समुद्रकाठच्या घिवलीचे, पण लग्नानंतर बोईसरला येऊन टॅक्सी चालवू लागले. बोईसर ते मनोर ही त्यांची लाइन. सकाळी स्टँडवर नंबर लावायचा, पाळी आली की उतारू भरून मनोरला सोडायचे, तिथून भरून परत यायचं आणि पुन्हा नंबर लावायचा. बाबांचा नंबर सतरा. नंबर पुकारायचं काम दामूकाकांचं. आमची खोली स्टँडच्या मागेच असल्यामुळे त्यांचा आवाज दिवसभर घरात यायचा.

त्या स्टँडचा एक रिवाज होता, तो इथे सांगायला हवा. एखादा ड्रायव्हर लाइनवर असताना गेला, तर त्याचा नंबर पुसत नसत. रोज त्याची पाळी आली की दामूकाका तो नंबर पुकारायचे, आणि स्टँडवरचा कुणीतरी एक ड्रायव्हर आपल्या गाडीतून ती खेप करून तिची मिळकत त्या घरी नेऊन द्यायचा. मुलं पायावर उभी राहीपर्यंत हे चालायचं. कागद नाही, सही नाही. फक्त एकच अट, माणूस लाइनवर गेलेला हवा. घरच्या कामाला, लग्नाला, फिरायला गाडी नेली असताना गेला, तर नंबर दुसऱ्याला मिळायचा.

बाबा चैत्री पुनवेला गेले. मनोरच्या पुढे, हायवेवर, डहाणूच्या दिशेच्या रस्त्यावर ट्रकने त्यांच्या गाडीला उडवलं. आमची लाइन मनोरला संपते. पुढचा तो रस्ता महालक्ष्मीकडे जातो, आणि पुनवेला देवीची यात्रा सुरू होते.

त्या पौषात मला टायफॉइड झाला होता. एकवीस दिवस ताप उतरत नव्हता. त्या काळात बाबांनी देवीला नवस बोलला, पोर उठून बसू दे, पुनवेला तुझी ओटी भरीन. मी बरी झाले. मग एक दिवस माझ्या इंग्रजी शाळेतल्या शहाणपणाने मी त्यांना म्हटलं, नवस म्हणजे देवाशी केलेला सौदा, आणि असला सौदा मला पटत नाही. बाबा बादलीत फडकं पिळून गाडीची काच पुसत होते. हसून म्हणाले, "सौदा आपन करतो गं. देवी कुठं करते?" पुनवेच्या सकाळी त्यांनी स्टँडजवळच्या दुकानातून नारळ आणि हिरवा खण घेतला, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. अपघातानंतर गाडीत ना नारळ सापडला, ना खण. गाडीचं तोंड मनोरकडे होतं. म्हणजे बाबा ओटी भरून परत येत होते, असाच हिशेब सगळ्यांच्या मनात जुळला. फक्त तो कुणी बोलून दाखवत नव्हतं. आईच्या काळजीने, आमच्या काळजीने, ते सगळे मिळून आमच्यासाठी एक खोटं सांभाळत होते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून दामूकाका पुकारू लागले, "सतरा!" तो आवाज आला की आई जिथे असेल तिथे थांबून हात जोडायची. माझी धाकटी बहीण दारात जाऊन पाहायची, आज कोणाची गाडी निघते. मी मात्र आत भिंतीकडे तोंड करून बसायचे. माझ्यासाठी बोललेल्या नवसापायी माझे बाबा गेले, ज्या नवसाला मी नावं ठेवली त्याच नवसापायी, आणि आता आमच्या ताटात येणारा घास खोट्यावर आला आहे, हे दोन्ही विचार एकमेकांना धरून दिवसभर माझ्यामागे फिरायचे. देवघरात महालक्ष्मीचा छोटा फोटो होता. मी त्याच्यासमोर बसायचे, पण हात जोडायचे नाही. मनात म्हणायचे, तुला ओटी हवी होती ना, मिळाली ना? हे लिहायला आज लाज वाटते. पण तेव्हा माझी भक्ती इतकीच होती. रागावण्याइतकी.

खरं तर एवढ्यावर मी गप्पच राहिले असते. गप्प राहणं मला जमायचं. पण एक दिवस मी नळावर पाणी भरत होते, आणि पलीकडे रघूकाका गाडी धूत होते. रघूकाका त्याच लाइनवरचे ड्रायव्हर. त्यांचा धाकटा भाऊ मधूकाका, तोही स्टँडवरचाच ड्रायव्हर, दोन वर्षांपूर्वी गेला. सासऱ्यांना छातीत कळ आली म्हणून टॅक्सीत घालून पालघरच्या दवाखान्यात नेत होता, वळणावर गाडी उलटली. सासरे वाचले, मधूकाका गेला. घरच्या कामाला गाडी नेली म्हणून त्याचा नंबर चालवला नाही. त्याची बायको मंदाकाकू तारापूरच्या एका कारखान्यात गोळ्यांच्या बाटल्यांना लेबलं चिकटवायला जायची आणि दोन पोरं सांभाळायची. रघूकाकांनी मला पाहिलं नव्हतं. साबणाचं पाणी गाडीवर फेकत ते शेजारच्या ड्रायव्हरला म्हणाले, "आमचा मधू घरच्या कामाला गेला, आनि यांचा देवाच्या. देवाचं काम लाइनवरचं कधीपासनं झालं रं?"

"गप ना, रघू. सोन्यासारखा मानूस गेला," तो म्हणाला.

"आनि आमचा काय पितळेचा व्हता?"

मी अर्धी कळशी घेऊनच घरी आले. त्या क्षणापर्यंत आमचं खोटं फक्त आमचंच मन खात होतं असं मला वाटत होतं. त्या खोट्यावर आम्हाला मिळतंय तेच मंदाकाकूला नाकारलं गेलंय, हे मला दिसलं नव्हतं. रघूकाकांच्या बोलण्यात खोटं काय होतं? काहीच नाही. ते खरंच बोलत होते.

अमावास्येला स्टँडवरचे ड्रायव्हर दुपारी गाड्या धुऊन, लिंबू बांधून, नारळ फोडतात आणि मग स्टँडचे जे काही प्रश्न असतील ते तिथेच बसून सोडवतात. वैशाखाच्या अमावास्येला आमच्या नंबराचा विषय निघणार हे रघूकाकांनी सगळ्यांना सांगून ठेवलं. आईपर्यंत ते पोचलं, पण कारण पोचलं नाही. ती एवढंच म्हणाली, "देवी बघेल." मी ठरवलं की आपण तिथे जायचं आणि खरं सांगायचं. माझ्या नवसासाठी बाबा गेले होते. सतरा नंबर बंद करा. ते सांगण्याची तयारी म्हणून मी वहीच्या पानावर दोन वाक्यं लिहून काढली, आणि लिहून झाल्यावर पाहते तर ती इंग्रजीत होती. मराठीत ती माझ्या हातून उतरलीच नव्हती. बाबांबद्दल मराठीत ते लिहिणं म्हणजे त्यांच्या तोंडावर म्हणण्यासारखं होतं. मी पान फाडलं. त्या सकाळी पहिल्यांदा मी देवीच्या फोटोसमोर हात जोडले. मागितलं काहीच नाही. फक्त म्हटलं, मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे, आता तुझं तू बघ. ते समर्पण होतं असं मी म्हणणार नाही. थकलेल्या माणसाने ओझं जमिनीवर टेकवावं, तेवढंच ते होतं.

अकराच्या सुमाराला दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, उन्हाने रापलेली, काष्टा नेसलेली, डोक्यावर रिकामी पाटी. तिने दारातूनच विचारलं, "सतरा नंबरवाल्या भाऊचं घर हेच का गं बाय? स्टँडवर एका पोऱ्यानं दाखवलं. भाऊ हाय का घरात?"

आई मागे ओट्यावर होती. मी बाजूला झाले, तेव्हा तिला भिंतीवरचा बाबांचा हार घातलेला फोटो दिसला. पाटी तिच्या डोक्यावरून खाली आली. ती उंबऱ्यातच बसली आणि कितीतरी वेळ नुसती "नाय, नाय" म्हणत राहिली.

मी पाणी दिलं. मग तिने सांगितलं, ते मी तिच्याच शब्दांत लिहायचा प्रयत्न करते. ती किनाऱ्यावरच्या नवापूरची. सुके बोंबील आणि करदी घेऊन ती दर वर्षी महालक्ष्मीच्या यात्रेत बसते. पुनवेच्या सकाळी ती बोईसरहून बाबांच्या टॅक्सीने मनोरला गेली. "मासळीच्या पाट्या कुनी घेत नाय बाय. वास येतो म्हनत्यात. तुज्या बानं घेतल्या. म्हनला, मी घिवलीचा हाय, मला कसला वास सांगता." दोन पाट्या होत्या. एक तिच्या मांडीवर, एक वर कॅरिअरला बांधलेली. मनोरला यात्रेची एस.टी. लागलेली पाहून ती धावत सुटली, आणि वरची पाटी तशीच राहिली. बसमध्ये बसल्यावर तिला आठवलं, पण तोवर बस सुटली होती. ती रडत होती. वर्षाची कमाई त्या पाटीत होती.

"मनोरपुढं सोमट्याला बस थांबली, तर मागं हॉर्न वाजतोय, वाजतोय. बघते तर तुजा बा. पाटी डोक्यावर घेऊन बसच्या दारात आला. सगळी बस हसली. मी म्हटलं, भाऊ, एवढ्या लांब आलास, आता देवी जवळच हाय, चल संगती, दर्शन घे. तर म्हनला, मावशी, माजी पाळी लागंल, उतारू खोळंबतील. मग गाडीत जाऊन नारळ आनि खन घेऊन आला. म्हनला, तू जातेयस ना, मग ही ओटी तूच भर. माजी पोर तापातून उठली. देवीला सांग, बा आला नाय, त्याची पाळी व्हती."

तिने कनवटीला बांधलेली पुरचुंडी सोडली. खोबऱ्याचा वाळलेला तुकडा आणि कुंकू. ते पोचवायला ती इतक्या दिवसांनी आली होती. यात्रा पंधरा दिवसांची, नंतर घरात सुनेचं बाळंतपण. "गेल्या सोमवारी निगालेली, तर ऐनवेळी होडी आली, मासळी उतरवायला परतले. आज सकाळी काय झालं माहीत नाय. पाटीत काय विकायला नाय, तरी म्हटलं, जाऊन येऊ. देवीचा प्रसाद घरात ठेवून झोप येत नाय."

मी तो तुकडा घेतला नाही. म्हणजे घेऊ शकले नाही. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. परक्या बाईच्या. आईच्याही मांडीवर मी वयात आल्यापासून डोकं ठेवलेलं नव्हतं. तिच्या लुगड्याला मासळीचा वास होता, आणि तो मला इतका बरा वाटला की मी तसाच श्वास घेत राहिले. बाबा नवसासाठी गेले नव्हते. माझ्यासाठीसुद्धा गेले नव्हते. एका बाईची पाटी द्यायला गेले होते, आणि माझा नवस त्यांनी रस्त्यात, देवीपासून थोड्याच अंतरावर, दुसऱ्याच्या हातात देऊन टाकला होता. मी ज्याला सौदा म्हणाले, तो त्यांनी इतक्या सहज सोडून दिला होता की त्यात सौद्याचं काही उरलंच नव्हतं. आई केव्हा येऊन मागे उभी राहिली ते कळलं नाही. तिने सगळं ऐकलं होतं. मावशीचा हात धरून ती एवढंच म्हणाली, "चला, स्टँडवर. त्यांनाही सांगा."

स्टँडवर सगळे जमले होते. गाड्यांच्या बॉनेटवर हळदकुंकू लागलं होतं. मावशीने कुणाची भीड ठेवली नाही, मोठ्याने सगळं सांगितलं. सोमट्याचं नाव येताच ड्रायव्हर एकमेकांकडे पाहू लागले, कारण अपघात सोमट्याच्या अलीकडेच झाला होता. ती थांबल्यावर दामूकाका खाली बसले.

"कॅरिअरला मासळीचा वास व्हता रे," ते म्हणाले. "पोलीस चौकीतनं गाडी आनली तवा मी सोता धुतली. सोड्यानं घासघासून धुतली. म्हटलं, आपल्या मानसाची गाडी अशी कशी ठेवायची. वास कशाचा, ते काय माझ्या डोक्यात आलं नाय. दोरीचा तुकडा व्हता, तो पन मीच टाकला."

त्यांनी मायेने पुसून टाकलेलं सगळं मावशीने परत आणून ठेवलं होतं. मग एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने स्टँडचा नियम बोलून दाखवला. तो सगळ्यांना माहीत होता, तरी कुणाच्या लक्षात आला नव्हता: उतारूची राहिलेली वस्तू उतारूच्या हाती देऊन परत येईपर्यंत खेप संपत नाही. मनोर नाही, सोमटं असो की डहाणू, त्या दिवशी ती बाबांची लाइनच होती.

मी रघूकाकांकडे पाहत होते. त्यांनी डोक्याचा रुमाल काढून खांद्यावर टाकला. "मग आमचं काय म्हननं नाय," ते म्हणाले. "सतरा चालू द्या. वहिनी, माफ करा, आमी उगाच बोललो." आणि ते वळून आपल्या गाडीकडे निघाले.

त्या क्षणी माझ्या मनावरचं सगळं ओझं उतरलं होतं. इतकं हलकं मला तापातून उठल्यावरही वाटलं नव्हतं. देवी आहे की नाही, ती मावशी त्याच दिवशी का आली, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आणि मग सोडून दिला. ज्यांना योगायोग म्हणायचं त्यांनी म्हणावं. मी फक्त आभार मानते. त्या बाईचे, तिच्या रिकाम्या पाटीचे, आणि मी रागावले असतानाही माझ्यावर न रागावलेल्या देवीचे. एक गोष्ट मात्र मला तिथे, त्या उन्हात, कळली. मी सुटले होते, पण सुटल्याचा आनंद मुठीत धरून घरी नेता येण्यासारखा नव्हता. समोर रघूकाका पाठमोरे चालले होते आणि त्यांच्या भावाच्या बाजूने सांगायला कुठलीच मावशी येणार नव्हती. मधूकाका एका माणसाला दवाखान्यात पोचवायला निघाला होता, आणि तो माणूस जगला होता. ती खेप नव्हती का? आमच्या पदरात जे पडलं ते आम्ही मिळवलेलं नव्हतं. वाटेत कुणीतरी दुसऱ्याच्या हाती दिलेलं, तिथून आमच्याकडे आलेलं होतं. ते आपल्यापाशी अडवून ठेवायचं नसतं, हे बाबा कुठल्या पोथीतून शिकले होते मला माहीत नाही.

दामूकाकांनी नारळ उचलला. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती, रघूकाकांच्या पाठीकडे पाहत होती, आणि तिचा हात माझ्या पाठीवर होता. तिने तो दाबला की नुसता ठेवला, हे मला आजही सांगता येत नाही. इतक्या पुरुषांसमोर मी कधी बोलले नव्हते. पण शब्द आले, आणि ते मराठीत आले.

"दामूकाका," मी म्हणाले, "बाबांचा नंबर एक दिवसाआड पुकारा. मधल्या दिवशी तीच पाळी मधूकाकांच्या नावाने पुकारा."